बाबा अजून सनरूफमध्येच आहेत

मित्रांनो, गल्लीचं माप मी खोटं सांगितलं.

बाबांना नवी स्पोर्ट सेडान हवी होती. मला दहा वर्षं जुनी, पण दुप्पट ताकदीची. ती रुंद निघाली, तरी मी ठोकून दिलं, "गल्लीतून आरामात जाते, शिवाय वीतभर जागा उरते." मग तीच घेतली.

आज सकाळी ती आमच्या खंडेराव गेटच्या गल्लीत शेजारच्या मिश्राजींच्या चबुतऱ्यापाशी फसली. दारंच उघडेनात. बाबा सनरूफमधून ओरडले, "नीट मोजलं होतंस ना?"

घाबरून बोललो, "मिश्राजींनी चबुतरा वाढवलाय!"

झालं! मिश्राजी भडकले, "भाईसाहब, चबूतरा बाप के टाइम से यहीं है!"

बाबा म्हणतात, "तो क्या गाड़ी मोटी हो गई?"

दोन तास हेच. वैताग आलाय यार! आता दोघं टेप मागतायत, आणि तो माझ्या खिशात आहे. हात जोडतो, कुणाला सांगू नका.