खिंडीवरची खिडकी

ओशच्या बाजारात लोकर दाबून केलेल्या नमद्याच्या सपाता विकणारी जिपार महिन्यातून एकदा माल घेऊन बिश्केकला जायची आणि परतीच्या विमानात डावीकडचीच खिडकी मागून घ्यायची. तिच्या दुकानात सपातांपेक्षा त्या खिडकीतून काढलेले फोटोच जास्त: हिमनद्यांच्या निळ्या भेगा, जांभळे उघडेबोडके डोंगर, दुधी पाण्याचं तळं. गिऱ्हाइकं विचारायची, "हा चंद्र का गं?"

"चंद्रच. सपाता घेऊन ठेवा, तिथे थंडी असते."

तिचे वडील मामबेताली तेवढे नाक मुरडायचे. "चुरगळलेल्या चादरी नुसत्या! डोंगर खालून बघायचा असतो." जन्मभर मेंढ्या राखलेला माणूस, कंबर मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेला. त्या वसंतात कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की त्यांचं उन्हाळी कुरण खाणवाल्यांनी उकरून टाकलं. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला तो धड जेवेना. इकडून वर जाणारा रस्ता दरड कोसळून बंद, जाऊन बघणार कोण? जिपारने समजूत घातली, तर म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

"मग फोटोच आणते. बघू त्यालाही चादर म्हणता का!"

ती बोलली म्हणजे करणार, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

जूनमध्ये बिश्केकहून परतायच्या सकाळी आभाळ लख्ख होतं. जिपार खिडकीत बसली आणि शेजारच्या जागेवर उंच पांढऱ्या टोपीचे एक आजोबा आले. झालं! घरात सगळ्यात आतली जागा वडीलधाऱ्यांची, मग विमान काय वेगळं? मनातल्या मनात चरफडत ती उठली.

"आजोबा, आत बसा."

पण फोटोवर पाणी सोडणाऱ्यांतली ती नव्हती. बर्फ दिसू लागलं तशी ती त्यांच्या अंगावरून ओणवली.

"अगं पोरी, माझ्या पोटावर दुकान मांडतेस का?"

"पोट आत घ्या, आजोबा. फोटोत येतंय."

आजोबा खो खो हसले आणि त्यांनी खरंच श्वास रोखून धरला. खाली खिंड आली. खिंडीच्या पलीकडे लगेच बाबांचं कुरण. जिपारने फोन काचेला लावला आणि तेवढ्यात आजोबांनी दोन्ही तळवे पसरून दुवा म्हणायला सुरुवात केली. दुवा म्हटल्याशिवाय खिंड ओलांडायची नसते, मग घोड्यावरून असो की विमानातून. लहानपणापासून अंगात मुरलेलं! जिपारचेही दोन्ही तळवे आपोआप पसरले. फोन घरंगळत सीटखाली गेला. "ओमिन" म्हणून तोंडावरून हात फिरवेपर्यंत कुरण मागे पडलं होतं.

तिला रडू फुटलं. आजोबांना सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "डोळे मिटून दुवा म्हणतो की काय मी? तुझ्या बाबांकडे चल."

घरी पोचताच आजोबा अंथरुणाशी बसले. "खोदकाम खिंडीच्या बिश्केककडच्या बाजूला आहे, शेजारच्या खोऱ्यात. तुमच्या कुरणाच्या बाजूला सगळं हिरवं आहे. ओढ्याकाठी पांढरे ठिपके होते, तंबू लागलेत यंदाही."

मामबेतालींनी मान वळवली. "मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"मी तुम्हाला ओळखत नाही. तुम्हाला बरं वाटलं काय, न वाटलं काय, मला काय त्याचं?"

मग मामबेतालींनी जिपारचा हात धरून उठून बसायची धडपड केली.

"चहा आण," ते म्हणाले. "आणि पुढच्या वेळी त्या खिडकीत मला बसव."