शांताक्काची घडीची सायकल

नातीनं आपली घडीची सायकल उघडली आणि बिजागरीच्या तेलाचा वास घरभर पसरला.

एकसष्ट-बासष्ट साल असेल. शेजारच्या शांताक्काचं लग्न ठरलं होतं, म्हणून तिची लष्करी लिलावातली अशीच सायकल माझ्यासाठी घ्यायला मी आप्पांबरोबर गेले. तिचे वडील म्हणाले, "चाळीस रुपये द्या, बास झालं."

"सत्तर," दारातून अक्का म्हणाली.

आप्पा पन्नासवर आले, तर तिनं नव्वद सांगितले.

"वेड लागलं का गं?" वडील खेकसले आणि चाळीसलाच सौदा मिटला.

किती लोभी ही, असं मला वाटलं. सायकलीची घडी तिनंच घालून दिली, पण हँडलवरचा हात काही काढेना.

सौदा मोडावा म्हणून ती भाव वाढवत होती, हे कळायला माझं लग्न व्हावं लागलं.