आमी हाय की

बारामतीच्या त्या दवाखान्यात "पेशंटला घरी बघायला कोण आहे?" एवढं विचारायला खास माणूस नेमलेलं होतं. रुग्ण समन्वयक. आईच्या खुब्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, पण तिला घरी सोडायचं की चालण्याच्या व्यायामासाठी आणखी ठेवून घ्यायचं, हे या बाई ठरवणार. मी त्यांना आल्याआल्याच सांगितलं, की आई गावी, वरकुट्याला एकटी राहते. मी इथं बारामतीतच जळोचीला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि दिवसभर नोकरी. वॉकर धरून ती संडासापर्यंत जायला लागेपर्यंत तिला सोडू नका. बाई "हो हो" म्हणाल्या. पुढच्या वेळी पाहते तर त्यांच्या जागी दुसऱ्याच बाई! सगळं पुराण पुन्हा पहिल्यापासून.

त्यात आमचे पाहुणे. आमच्याकडं कुणी दवाखान्यात पडलं की गाव लोटतं. शहाळी, बिस्किटांचे पुडे घेऊन येतात, खाटेभोवती उभे राहतात आणि निघताना प्रत्येकजण म्हणतो, "काळजी करू नका, आमी हाय की." ही निरोप घ्यायची रीत. त्यावर नुसती मान हलवायची असते. पण हे त्या नव्या बाईंना कोण सांगणार? मी कामावर असताना त्या नेमक्या भेटीच्या वेळी आल्या आणि त्यांनी विचारलं, "घरी कोण बघणार?" चुलते, मामी, भावकीतले तात्या, सगळे एका सुरात म्हणाले, "आमी हाय की!" तात्यांनी तर वर जोडलं, "सून दिसभर घरीच असती." सून त्यांची, आणि घर इंदापुरात!

संध्याकाळी कामावरून येते तर कळलं, उद्या डिस्चार्ज. माझं डोकंच फिरलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "एवढी माणसं आहेत तुमच्याकडे, मॅडम. नशीबवान आहात."

मग मीही हट्टाला पेटले. सकाळी पाहुणे जमले तशी बाईंना हाताला धरून खाटेपाशी आणलं आणि सगळ्यांना विचारलं, "आईजवळ महिनाभर राहायला कोण येतंय? तिला संडासला कोण नेणार?"

तात्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मामींना नातवाची परीक्षा आठवली. चुलत्यांचा ऊस तोडीला आला होता. आईकडं कुणी बघेना.

"बघितलंत?" मी बाईंना म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथं डिस्चार्ज थांबवला. मला केवढं हायसं वाटलं! एकदाचं कुणाच्या तरी डोक्यात शिरलं होतं.

पाहुणे गेले. मी आईला उशी नीट करून द्यायला वाकले, तर तिनं पदर तोंडावर ओढून घेतलेला.

"कुनी येनार न्हाय, ते मला ठावं होतं गं," ती आतून म्हणाली. "पर त्यांच्या तोंडनं ऐकायचं नव्हतं."