दुर्गाबाईनं घासलेले दगड

दुर्गाबाई आणि तिचा नवरा भिमाजी जामखेडकडून आले ते १९५४च्या उन्हाळ्यात. चिंचवडजवळच्या माळावर एक कारखाना आणि त्याच्या कामगारांची वसाहत उभी राहत होती. मुकादम गावोगाव फिरून माणसं गोळा करत होता. दोघांबरोबर तीन वर्षांची भागू होती. माळाच्या उताराला, ओढ्याकाठी मजुरांच्या पालांचा तळ पडला. प्यायला पाणी वरच्या विहिरीचं. पण दोनशे माणसांना विहीर एकच. आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला सारा तळ परसाकडला जायचा.

भाद्रपदातल्या एका सकाळी विहिरीवर बायकांची रीघ लागली होती आणि कामाची वेळ टळत होती. दुर्गाबाईनं ओढ्यातच घागर बुडवली. पाणी दिसायला नितळ होतं. तिसऱ्या दिवशी भागूला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. मुकादमानं पुण्याला न्यायला ट्रक दिला खरा, पण खडकी यायच्या आतच पोरगी आईच्या मांडीवर गार पडली. ओढ्यापलीकडं एका बाभळीखाली तिला मूठमाती दिली.

घागर कुठं भरली होती, हे भिमाजीला ठाऊक होतं. त्यानं बायकोला एका शब्दानं बोल लावला नाही. बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून तो फक्त कामापुरतं बोलू लागला.

पुढच्या वर्षी वसाहतीच्या सांडपाण्यासाठी माळाच्या टोकाला एक मोठं गोल टाकं बांधलं. पुरुषभर खोल, आणि आत काठोकाठ काळा दगड भरायचा. तो निवडायचं काम बायकांकडं आलं. दगड मुठीएवढाच हवा, ठिसूळ नको, मातीचा कण नको. बाकीच्या बायका भराभर पाट्या ओतायच्या. दुर्गाबाई एकेक दगड काथ्यानं घासून, पाण्यातून काढून, उन्हाला धरून बघायची. कामावर देखरेख करणारे पुण्याचे इंजिनिअर मोघे साहेब तिचीच पाटी दाखवून इतरांना सांगायचे, दगड असा पाहिजे.

टाकं भरलं. मधोमध खांब उभा राहिला आणि त्याला चार लांब नळ्या आडव्या बसवल्या. गाळ खाली बसलेलं सांडपाणी त्या नळ्यांच्या भोकांतून दगडांवर शिंपडायचं आणि त्याच्याच जोरानं नळ्या गोल फिरायच्या. भोकं तुंबली तर तारेनं मोकळी करायला दुर्गाबाईला ठेवून घेतलं.

महिन्याभरात दगड बुळबुळीत झाले. आधी पिवळट, मग करडा चिकट थर त्यांच्यावर चढला. आपण घासलेला एकेक दगड असा झालेला ती रोज बघायची. एका दुपारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवलं होतं. दुर्गाबाई काथ्या आणि राख घेऊन टाक्यावर चढली. साहेब आले तेव्हा वरच्या थराचा तिसरा हिस्सा तिनं लख्ख घासून काढला होता. नखांतून रक्त येत होतं.

"बाई, हे काय केलंत?"

"घाण बसली व्हती, साहेब. धुतली."

मोघे साहेब रागावले नाहीत. टाक्याच्या कठड्यावर टेकून त्यांनी तिला सांगितलं, की ती ज्याला घाण म्हणते तो थर जिवंत आहे. डोळ्यांना दिसत नाहीत एवढे बारीक जीव त्यात राहतात आणि वरून पडणाऱ्या पाण्यातला मळ खातात. दगड हे नुसतं त्यांचं घर. इतके दिवस सगळे जण तो थर धरायचीच वाट पाहत होते.

दुर्गाबाईनं हातातला दगड खाली ठेवला. मग जे तिनं कुणापुढंच काढलं नव्हतं ते सगळं सांगितलं, घागरीसकट. शेवटी विचारलं, "आदी हे आसतं, तर माझी भागू वाचली आसती?"

साहेबांना हो म्हणणं सोपं होतं. ते म्हणाले, "नाही, बाई. हे वसाहतीसाठी बांधलंय, तळासाठी नाही. आणि यातनं निघालेलं पाणीसुद्धा प्यायचं नसतं. नदी नासू नये एवढ्यापुरतंच ते." मग म्हणाले, "घागर तुम्ही भरलीत. पण दोनशे माणसांना एकच विहीर कुणी ठेवली?"

 दुर्गाबाईनं ते ऐकून घेतलं. पण मनाला ते पुरलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

घासलेल्या दगडांवर पुन्हा थर धरायला पाच आठवडे गेले. तेवढ्यात बांधकाम संपलं, पालं उठू लागली. मुकादम माणसांना एका धरणाच्या कामावर नेत होता. भिमाजीनं बोचकं बांधलं. दुर्गाबाई म्हणाली, पोरीला एकटीला टाकून मी येत न्हाई. त्यानं बोचकं उचललं आणि मुकादमाच्या ट्रकमध्ये जाऊन बसला.

पुढं चार वर्षं ती त्या टाक्यावर होती. वसाहतीतल्या बायका तिला वास येतो म्हणून नळावर लांब उभं करायच्या. थराची तब्येत मात्र तिला रंगावरून कळायची. कुणी पिंपंच्या पिंपं जंतुनाशक मोरीत ओतलं, की साहेबांच्या आधी ती सांगायची, आज जीव मेले.

१९६०च्या माघात भिमाजी आला. धरणावर त्यानं दुसरी बाई केली होती, एक मुलगा झाला होता. लोकांच्या तोंडून कळण्याआधी आपण सांगावं म्हणून जामखेडला, गावी जाता जाता तो इथं उतरला होता. दुर्गाबाईनं त्याला भाकरी वाढली, मुलाचं नाव विचारलं. मग दोघं ओढ्यापलीकडं गेली. तिथं आता नवा रस्ता होत होता. काठ सपाट केला होता, बाभूळ तोडली होती. भिमाजीला काहीच ओळखू येईना. दुर्गाबाई खडीच्या ढिगापासून पावलं मोजत गेली आणि थांबली.

"हितं."

भिमाजी खाली बसला आणि पहिल्यांदाच रडला. "मी तुला कायच बोललो न्हाई," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "बोलाया पायजे व्हतं."

तेवढ्यात चौकीदार हाका मारत आला. नळ्या अडकल्या होत्या, फिरत नव्हत्या. जास्त वेळ पाणी पडलं नाही तर थर वाळून जातो. दुर्गाबाईनं भिमाजीच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि टाक्याकडं निघाली. नळ्या फिरू लागल्यावर ती परत आली, तोवर जामखेडची एसटी भिमाजीला घेऊन गेली होती.