थोरल्या भावाचं वय ओलांडताना

महादेव गेल्याची बातमी मला सकाळी दहाच्या सुमारास फोनवर मिळाली. फोन त्याच्या धाकट्या भावाचा, नारायणचा होता. मी बेळगावला वर्तमानपत्राच्या कचेरीत नुकताच पोचलो होतो. हातात दुसऱ्याच कुणाच्या निधनाची बातमी होती आणि तिच्यातलं वय बरोबर आहे की नाही, ते मी तपासत होतो. "दादा, अण्णा गेला," नारायण म्हणाला. गणेशगुडीच्या ज्या लॉजमध्ये महादेव स्वयंपाकी होता, तिथे पाहुण्यांच्या नाश्त्यासाठी पुऱ्या तळता तळता त्यानं गॅस बंद केला, तांदळाच्या पोत्यावर टेकला आणि तिथून उठला नाही. एवढं सांगून नारायण थांबला. मग म्हणाला, "पन तारीख तर गेली हुती न्हवं? तुमीच काढून दिल्ती..."  तारीख मीच काढून दिली होती, आणि ती जाऊन चारच दिवस झाले होते.

ही तारीख कसली, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. महादेव, बसू आणि मी जोयडा तालुक्यातल्या एकाच शाळेत पहिलीपासून शिकलो. महादेवचं घर भाताची शेती आणि जंगलातल्या मजुरीवर चालायचं. बसूचे वडील धरणाच्या कामावर आलेले. घरात कन्नड, बाहेर मराठी. आमच्या तिघांच्या दाखल्यांवर जन्मतारीख एकच आहे, एक जून. आमचीच काय, त्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांची तीच आहे. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला मुलाची तारीख सांगता येत नसे, आणि मास्तर शाळा सुरू व्हायची तारीख टाकून मोकळे होत. बसू यावरून अजून हसवतो. "एका दिवसात एका गावात पंचवीस पोरं," तो म्हणतो, "सुईणीनं जेवन तरी कवा केलं आसंल?" ही तारीख खोटी आहे हे आम्हा तिघांना पाठ होतं. तरीही पुढे जे झालं ते झालं.

बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, आमच्यात आली ती महादेवमुळे. वीसेक वर्षांपूर्वी लॉजवर पक्षी बघायला आलेले एक अमेरिकन म्हातारे आठ दिवस राहिले, आणि जाताना उरलेली अर्धी बाटली स्वयंपाकघरात देऊन गेले. महादेवनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. त्याच्या घराच्या मागच्या पडवीत, दुपारी, जेवणाआधी, त्यानं ती तीन फुलपात्रांत ओतली आणि स्वयंपाक्याच्या सवयीनं आधी नुसती हुंगली. "काकवी," तो म्हणाला. "आनि जळकं लाकूड. मक्याची हाय म्हनं. मक्याला असला वास कुठनं आला मर्दा?" बसूनं एक घोट घेतला आणि डोळे पुसत म्हणाला, "अय्यो, अमेरिकेत काकवी पेटवून पितात काय?" त्याच आठवड्यात बसूची पहिली स्वतःची जीप आली होती, म्हणून ती बाटली जीपच्या नावानं गेली. तिथून पायंडा पडला. पुढची बाटली मला कायमची नोकरी लागली तेव्हा, गोव्याहून आणलेली. मग महादेवच्या घरावर कौलं जाऊन पत्रा आला तेव्हा. बसूची मुलगी शिक्षिका झाली तेव्हा. एरवी आम्ही बर्बनला हात लावत नसू. पडवीखाली काळी नदी वाहते, धरणातून पाणी सोडलं की दुपारनंतर तिचा आवाज बदलतो. तो बदलेपर्यंत बसायचं, महादेवनं उकडून मीठ-मिरची लावलेले कंद खायचे आणि उठायचं. नियम एकच, आणि तो महादेवचा. काम झाल्यावर बाटली उघडायची, आधी नाही. मुलीचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी बसूनं एकदा घाई केली तर महादेवनं बूच परत लावलं. "आदी पेलं की नजर लागती," तो म्हणाला. "हून जाऊ दे. मग बगू."

महादेवचे वडील एक्कावन्नाव्या वर्षी गेले, शेतात छातीत कळ आली होती. थोरला भाऊ शंकर गेला तेव्हा त्याचं वय एक्कावन्न वर्षं चार महिने होतं. हे नेमकं सांगता येतं, कारण घरातला पहिला मुलगा म्हणून त्याची जन्मतारीख वडिलांनी लोखंडी ट्रंकेच्या झाकणाला आतून रंगानं लिहून ठेवली होती. पुढच्या मुलांच्या वेळी तो उत्साह राहिला नव्हता. दोघांनाही दवाखान्यात नेलं आणि दोघंही परत आले नाहीत. महादेवच्या मनात यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, त्या वयाच्या पलीकडे या घरातला पुरुष जात नाही. दोन, दवाखान्यात गेलेला माणूस घरी येत नाही. पन्नाशी लागली तशी तो हे हसत बोलू लागला, आणि त्याचं हसणं मला आवडत नसे. एका रविवारी त्यानं मला विचारलं, "शंकर अण्णापेक्षा मी मोठा कवा हुनार? दिस काढून दे की. तू पेपरातला." मी वहीचं पान फाडलं, शंकरची तारीख लिहिली, महादेवची लिहिली आणि हिशेब केला. उत्तर आलं एक ऑक्टोबर. त्यानं तो कागद स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरमागे खोचला, आणि आमचं ठरलं की त्या दिवशी बर्बन.

जुलैमध्ये गॅसची टाकी लॉजच्या पायऱ्या चढवताना त्याला पहिल्यांदा दुखलं. घास अडकल्यासारखं वाटलं आणि डावा हात जड झाला. हे त्यानं वहिनींना सांगितलं नाही, आम्हा दोघांना सांगितलं. पाऊस होता, पाहुण्यांना नदीत फिरवणारे तराफे बंद, लॉज रिकामं, आम्ही पडवीत बसलो होतो. मी म्हणालो, उद्याच बेळगावला चल. त्यानं मान हलवली. मी पुन्हा म्हणालो. तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि चाळीस वर्षांत त्याचे डोळे मी तसे पाहिले नव्हते. तो घाबरला होता... लहान मूल अंधाराला घाबरतं तसा, लपवण्याची ताकदही न उरलेला. "तारीख जाऊ दे," तो म्हणाला. "आता गेलो तर तितनंच जातो मी. येक ऑक्टोबर हून जाऊ दे, मग माज्या पायानं येतो. शपत." बसू चिडला. "जीप दारात हाय, उचलून टाकतो बग!" महादेव म्हणाला, "टाक. वाटंतच जाईन." यावर उठलेला बसू परत खाली बसला, आणि मी म्हणालो, बरं. एक ऑक्टोबरनंतरच्या गुरुवारची डॉक्टरांची वेळ मी त्याच संध्याकाळी घेऊन ठेवली. माणसाला भीतीतून बाहेर काढता येत नसेल तर तिच्या मर्यादा तरी ठरवाव्यात, असं काहीसं मी स्वतःला समजावलं. ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबरमध्ये आडवेळी फोन वाजला की मी तो दुसऱ्या-तिसऱ्या घंटेपर्यंत उचलत नसे.

एक ऑक्टोबरला आम्ही दुपारी बाराला जमलो. महादेवनं दाढी केली होती, नवा शर्ट घातला होता. तो बारीक झाला होता, पण चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. बसू म्हणाला, "बरं झालं आजच हाय. उद्या गांधी जयंती, दुकानं बंद." बाटली महिन्यापूर्वीच आणून ठेवलेली आहे हे माहीत असूनही आम्ही तिघं त्यावर खूप वेळ हसलो. महादेवनं बूच काढलं, तीन फुलपात्रांत थोडी थोडी ओतली आणि स्वतःचं उचलून नदीकडे तोंड केलं. "शंकर अण्णा," तो म्हणाला, "आजपास्नं तू माजा धाकटा." मग एका घोटात संपवून तो रडला. छातीत दुखणाऱ्या माणसानं ती प्यावी का, हा विचार माझ्या मनात आला होता. मी तो बोललो नाही. पाच तारखेला तो गेला. गुरुवार यायला तीन दिवस राहिले होते.

बाराव्याला त्यांची आत्ती आली होती, वडिलांची बहीण, ऐंशीच्या पुढची. ती भिंतीला टेकून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकीला एकच सांगत होती की माझा महादेव उळवीच्या जत्रेत रथाच्या दिवशी जन्मला, म्हणून तर हे नाव. ते माझ्या कानावर दोनदा पडलं. तिसऱ्यांदा ते माझ्यापर्यंत पोचलं. उळवीची जत्रा माघात, म्हणजे फेब्रुवारीच्या सुमारास असते. मी तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, आत्ती, कुठल्या वर्षी? साल तिला सांगता येईना. "माजं लगीन झालं न्हवं, त्याच उन्हाळ्यात," ती म्हणाली. "मांडवात माज्या कडंवरच हुता की त्यो. तीन म्हयन्याचा. सोडंनाच मला." तिच्या लग्नाचं साल घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, महादेवच्या दाखल्यावर जन्मसाल म्हणून तेच आहे. म्हणजे कागदावरचा एक जून उजाडायच्या आधीच तो तिच्या कडेवर होता. मी पुन्हा हिशेब केला, या वेळी मनातच. शंकरचं वय महादेवनं जूनमध्ये ओलांडलं होतं. त्याला पहिल्यांदा दुखलं जुलैमध्ये. ज्या दिवसाची तो वाट बघत होता, तो दुखणं सुरू व्हायच्या आधीच होऊन गेला होता. मी रोज दुसऱ्यांच्या मजकुरातल्या तारखा दोनदा तपासतो. ही एकदाही तपासली नाही.

मी हे नारायणला सांगितलं, कारण आता प्रश्न त्याचा होता. दाखल्याप्रमाणे तो चव्वेचाळीस वर्षांचा आहे. महादेवला पोचवून आल्यापासून मी आणि बसू त्याच्या मागे लागलो होतो की एकदा तपासून घे, आणि तो एकच उत्तर देत होता. "तपासलं की सापडतंय. मला काय झालं न्हाई. अजून सात वर्सं हाईत." त्यानं मोजायला सुरुवात केली होती. महादेवच्या डोळ्यांत जे मी जुलैमध्ये पाहिलं, ते आता त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि मला त्याच्यासमोर बसवत नव्हतं. आत्तीचं ऐकून तो तिच्याकडे वळला. "आनि माजं गे? मी कवाचा?" आत्ती म्हणाली, "तुज्या येळंला मी सासरी. कुनाला ठावं? तुजी आय सांगितली आसती." आई जाऊन दहा वर्षं झाली. नारायण तसाच उकिडवा बसून राहिला. आतल्या खोलीत बायका भांडी घासत होत्या. "मग मोजायचं कुटनं?" तो म्हणाला. तो विचारत नव्हता, नुसतं बोलत होता. बसू दारात उभा होता. "मोजू नगो," तो म्हणाला. "जीपमदी बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रामनगर, खानापूर करत बेळगावला गेलो. नारायण मागच्या बाकावर होता. दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून बसला होता, रस्ता सरळ असतानाही.  मागे वळून पाहिलं तर तो असेल की नाही, असं मला दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा मी वळून पाहिलं. दवाखान्यात खिडकीवरच्या मुलीनं वय विचारलं. नारायणनं माझ्याकडे पाहिलं, मी बसूकडे. "लिवा चव्वेचाळीस-पंचेचाळीस," बसू म्हणाला. तिनं पंचेचाळीस लिहिलं.

तपासणीच्या खोलीला हिरवा पडदा होता. बसू आणि मी बाहेरच्या बाकावर. आतल्या डॉक्टर बाई तरुण होत्या, त्यांचा प्रत्येक शब्द बाहेर येत होता. तंबाखू? न्हाई. दारू? सनावाराला. घरात कुणाला हृदयाचा त्रास? बा, आनि दोन भाऊ. मग त्यांनी विचारलं, ओझं उचलताना, चढ चढताना छातीत कधी दुखतं का? या प्रश्नाला नारायणनं मला आणि बसूला गेल्या बारा-तेरा दिवसांत कितीतरी वेळा नाही म्हटलं होतं.



"व्हय," तो म्हणाला. पडद्यामागून तो आवाज हुबेहूब महादेवचा वाटला.

"कधीपासून?"

"गनपतीपास्नं."

"इतके दिवस? घरात कुणाला सांगितलं नाही?"

"अण्णाला सांगितलं हुतं. त्यो म्हनला, माजी तारीख जाऊ दे... मग दोगं मिळून जाऊया."

बसूनं माझा दंड धरला. थोड्या वेळानं नर्स पडदा सारून बाहेर आली. यांना आज घरी सोडता येणार नाही, असं म्हणून तिनं पेशंटबरोबर कोण आहे ते विचारलं. आम्ही दोघंही उभे राहिलो.