वळणावरच्या देवापाशी

देव मी मानत नव्हतो असं नाही, पण त्याच्यासाठी गाडी थांबवायची मला सवय नव्हती. सारा जन्म एसटीची गाडी चालवण्यात गेला. वाटेत देऊळ दिसलं की स्टिअरिंगवरचा एक हात उचलून छातीला लावायचा आणि तसंच पुढे निघायचं, एवढीच माझी भक्ती. गाडी वेळेवर पोचली की देव पावला. निवृत्तीनंतर मात्र माझी फार वाईट गत झाली. चंद्रपूरच्या घरात खुर्चीत बसल्या बसल्या माझा डावा पाय क्लच दाबायचा. सकाळचा चहा झाला की कुठे जावं ते सुचायचं नाही आणि घरी बसवायचं नाही. देवळात जाऊन बसत जा, मन लागेल, असं लोक सांगायचे. मी जायचो, घंटा वाजवायचो आणि तिचा आवाज विरायच्या आत चपला घालून बाहेर यायचो. आत बसलेल्या माणसांना काय मिळतं, की मिळाल्यासारखं ते करतात, हा संशय मला छळायचा.

बायकोचं सगळं उलट. तिला कसलीच घाई नाही. मणक्याच्या दुखण्यामुळे तिला फार वेळ बसता यायचं नाही, दिवसाचा बराच वेळ आडवं पडून काढावा लागे. तरी तिने एकच हट्ट धरला होता. जिथे जिथे आपण राहिलो ती गावं एकदा सावकाश पाहायची. गडचांदूर, जिथे लग्नानंतर पहिली खोली घेतली. जिवती, जिथे मी मुक्कामी गाडी न्यायचो आणि शेवटी बिऱ्हाडच नेलं. आणि सगळ्यात शेवटी अहेरी, तिचं माहेर. एसटीच्या बाकावर एवढा प्रवास तिला झेपणार नव्हता. म्हणून मी लिलावातली एक जुनी जीप घेतली आणि तिच्यामागे जोडायला दोन चाकांची ट्रॉली बनवून घेतली. वर ताडपत्रीची कमान, आत जाड गादी, एक स्टोव्ह, पाण्याचा कॅन. म्हातारपणी वरात निघाली म्हणून गल्लीने चेष्टा केली. ट्रॉलीतून दोरी काढून ती जीपमध्ये माझ्या कानाशी टांगलेल्या पितळी घंटीला बांधली होती. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला, आमचा एसटीचाच कायदा. "आता मी कंडक्टर," ती म्हणाली, "बेल देईन तवाच गाडी हालवाची."

गडचांदूरला पोचलो तेव्हा थंडी होती. झाडांच्या पानांवर सिमेंटची तीच जुनी पांढरी धूळ. आमच्या खोलीत आता दुसरंच कुटुंब होतं. त्या घरच्या बाईने हिला आत नेऊन खाटेवर निजवलं आणि दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. कोणत्या भिंतीत खुंटी होती, पाणी कुठून आणायचो, सुनीलने पहिलं पाऊल कुठे टाकलं. सुनील आमचा मुलगा, तो आता नागपूरला असतो. मी मात्र बाहेर टायरांना लाथा मारत फिरत होतो. जिवतीचा घाट उन्हं चढायच्या आत पार करायचा होता. शेवटी ती आली, ट्रॉलीत चढली, आणि मी घाईघाईने ट्रॉलीचा दांडा जीपला जोडून पिन खाली सोडली. पिन वर उसळू नये म्हणून तिच्या भोकात एक खिळा वाकवून घालायचा असतो. तो मी घातला, पण नीट वाकवला की नाही, हे आजही मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

त्या घाटात एका वळणावर, दरीच्या अंगाला, दगडांचा मोठा ढीग आहे. मूर्ती नाही, शेंदूर नाही, झेंडा नाही. येणारा-जाणारा तिथे एक दगड टाकतो, कोणी हिरवी डहाळी ठेवतो आणि घाट चढतो. कोणी सुरू केलं, कधी केलं, कोणालाच ठाऊक नाही. मी त्या वळणावरून वर्षानुवर्षं गाडी नेली. प्रवासी खिडकीतून दगड फेकायचे तेव्हा पत्र्याला पोचा पडेल म्हणून मी त्यांच्यावर खेकसायचो. त्या दिवशी नेमकी तिथेच एक बेल वाजली. ती कमरेला हात लावत खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला दगड शोधू लागली. हा उचल, तो टाकून दे.

"अवं, टाक न एखादा," मी जीपमधूनच ओरडलो, "बाजारात वांगे निवडून राह्यली का?"

"देवाले देऊन राह्यली. हलका कसा चालन? तुमी बी टाका एक."

"माह्या नावाचा तूच टाक."

तिने खरंच दोन टाकले. माझ्या नावाचा मोठा होता. मग ती सावकाश जाऊन आडवी झाली, डबल बेल दिली आणि मी गाडी झटक्यात काढली. थोडा चढ चढलो असेन, तोच घंटी पुन्हा वाजली. टण टण. डबल बेल! आज हिलाही घाई सुटली म्हणायची, असं म्हणून मी मनापासून हसलो आणि गाडी दामटली. गाडीही कशी मोकळी पळू लागली होती. चढ कमी झाला असेल, असं मला वाटलं. गाडी का हलकी झाली हे ज्याला कळलं नाही, त्याने एवढी वर्षं ड्रायव्हरकी केली होती.

वर सपाटीवर चहाची टपरी होती. मी जीप लावली, दोन ग्लास चहा घेतला आणि तिला द्यायला मागे गेलो. मागे ट्रॉली नव्हती. तुटलेल्या दोरीचं टोक तेवढं लोंबत होतं.

चहाचं काय झालं ते मला आठवत नाही. जीप कशी वळवली तेही आठवत नाही. घाट उतरताना प्रत्येक वळणावर मी आधी दरीत पाहायचो आणि मगच रस्त्याकडे. मग डांबरावर एक पांढरी ओरखड्याची रेघ दिसली. ट्रॉलीचा दांडा रस्त्याला घासत उलटा गेला होता आणि ती रेघ हळूहळू दरीच्या बाजूला सरकत होती. जन्मभर लोक मला ओरडून सांगायचे, थांबवा हो, थांबवा. त्या उतारावर तो शब्द पहिल्यांदा माझ्या तोंडातून निघाला. कोणाला म्हणत होतो ते मला ठाऊक नव्हतं. छातीला लावायला हातही मोकळा नव्हता. नुसतं थांबव, थांबव, एवढंच म्हणत होतो.

ट्रॉली त्या ढिगात रुतून उभी होती. एक चाक दगडांवर चढलेलं, ताडपत्री फाटलेली आणि ढिगाच्या पलीकडे सरळ दरी. बायको खाली रस्त्याच्या कडेला चटईवर पडली होती. तिच्या कपाळावर खरचटलं होतं, पण डोळे उघडे होते. शेजारी जंगलातल्या गावची एक बाई सरपणाची मोळी बाजूला टाकून बसली होती. तिने चाकांना दगड लावून ती अडवली होती, हिला खाली उतरवलं होतं आणि आपल्या तुंब्यातलं पाणी पाजत होती. मी हात जोडले.

"बाई, तुमीच थांबवली का?"

"मी मंग आली, भाऊ. आवाज आयकून पळत आली. थांबलीच होती इथी." तिने हनुवटीने ढिगाकडे दाखवलं. "आमी जाता-येता एक गोटा देतो त्याले. आज कामी आला."

मी बायकोजवळ जाऊन बसलो. मला रडूच फुटलं. तिने माझा हात धरला. तिचा हात थंड होता, पण आवाज नेहमीसारखाच होता. "रडता काऊन? तुमी समोर निघून गेले," ती म्हणाली, "थो मागं थांबला."

नंतर बांबूचा ट्रक आला. ट्रकवाल्या माणसांनी ट्रॉली ओढून काढली, त्यांच्याजवळची जाड पिन दिली, वरून साखळीही बांधून दिली. निसटलेले दगड मी एकेक करून ढिगावर परत रचले. त्यात हिने टाकलेले दोन कोणते, मला ओळखता आले नाहीत. शेवटी मी स्वतःच्या हाताने एक उचलला. चांगला जड पाहून, वेळ घेऊन. ती मोळीवाली बाई त्या वेळेपर्यंत निघून गेली होती. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

मी बायकोला म्हटलं, घरी परत जाऊ. ती ऐकेना. जिवती आणि अहेरी अजून पाहायची होती. पुढे जीपमध्ये बस म्हटलं, तर म्हणाली, "बसलं का पाठ दुखते. मी माह्या जागीच निजते." आणि ज्या ट्रॉलीने तिला दरीपर्यंत नेलं होतं, तिच्यातच ती पुन्हा जाऊन आडवी झाली. मी दोरीला गाठ मारली. डबल बेल वाजली. पण माझा पाय ॲक्सिलरेटरवर पडेना. पुन्हा डबल बेल वाजली. मी खाली उतरलो, मागे गेलो आणि ताडपत्री बाजूला केली.

"आता काय झालं?" ती म्हणाली.

"काई नाई. पाहून राह्यलो, हायेस ना."

जिवती पाहून अहेरीला आम्ही पोचलो, फार सावकाश. तिने आठवडी बाजारात हिंडून बांगड्या भरल्या, आणि मी एका झाडाखाली तिची वाट पाहत बसलो. डावा पाय हलला नाही. एसटीडी बूथवरून सुनीलला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही तिथे थांबलाच नसतात तर झटका बसला नसता, पिन निघालीच नसती." तसंही असेल. मला वाद घालता येत नाही. मी साखळी आता दुहेरी लावतो, खिळा दोनदा तपासतो. पण ज्याने कोणी पहिला दगड ठेवला आणि ज्यांनी ज्यांनी न विसरता त्यावर एकेक घातला, त्या सगळ्यांच्या हातांनी माझी बायको धरून ठेवली, एवढं मला कळलं. त्यांना ट्रॉली ठाऊक नव्हती, आम्ही ठाऊक नव्हतो. ते फक्त थांबले होते. आता एक बेल वाजली की का म्हणून मी विचारत नाही. मी गाडी थांबवतो.