अकोटचा चालू काटा

"मॅडम, काटा हरवला."

"कोणता काटा?"

"अकोटचा. जागेवरच हाये, पन तुमच्या सॉफ्टवेअरले दिसून नाही राहिला. गाड्या उभ्या हायेत. लोक म्हणतात, दुसऱ्या जिनिंगले जातो."

फोनवर पुंडलिकभाऊ होते, आमच्या जिनिंग कंपनीच्या अकोट केंद्रावर कापूस मोजणारे क्लार्क. खंडेनवमीला त्यांनी काट्याचा कम्प्युटर उचलून पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि परत लावताना तार भलत्याच खाचेत खोचली. नेटवर्कवर प्रत्येक कम्प्युटरला आकड्यांचा पत्ता असतो. खाच बदलली की आमच्याकडे तो बदलायचा. कंपनीचं नेटवर्क मी अकोल्यातून, घरूनच सांभाळायचे. मी नवा पत्ता शोधला, सांगितला आणि काटा सापडला.

तिन्ही केंद्रांचे सगळे पत्ते माझ्या डोक्यात होते. अमरावतीहून मॅनेजरसाहेबांचा फोन आला. "उद्या तुमी नसल्या तर कोणाले विचारायचं?"

"दोन पद्धती आहेत, साहेब. नेमिंग सर्व्हिस आणि डिरेक्टरी सर्व्हिस."

"कोणती घ्यायची ते लिहून द्या."

नेमिंग सर्व्हिसला नाव सांगितलं की ती पत्ता देते. पण नाव अचूक माहीत हवं. डिरेक्टरीत नावाबरोबर माहितीही असते: गाव कोणतं, काम काय, चालू की बंद. तिला नाव माहीत नसलं तरी चालतं. 'अकोटचा चालू काटा' एवढं विचारलं की पुरे. गावात नवखा माणूस 'इंजेक्शन देणारे कोण?' असं विचारत बरोबर डॉक्टरकडे पोचतो, तसं. नेमिंग हलकी आणि वेगवान. डिरेक्टरी बसवायला कटकटीची आणि तिच्यातली माहिती कायम ताजी ठेवावी लागते.

मी नेमिंगची शिफारस लिहिली. कारणं खरी होती, पण हेतू खोटा होता. नावं मीच ठेवलेली, आकडे आणि अक्षरं मिसळून, कुणाच्या लक्षात न राहणारी. काट्याचा कम्प्युटर बिघडून दुसरा लावला की त्याचं नाव विचारायला लोक मलाच फोन करणार. जठारपेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत दिवसभर दुसरा आवाज नसायचा. आई गेल्यापासून तर नाहीच. ते फोन मला हवे होते.

रिपोर्ट पाठवायच्या आधीच मला ताप आला. फोन कधी बंद पडला, कळलं नाही. दुपारी दार वाजलं. पुंडलिकभाऊ होते. अकोटहून एसटीनं आले होते.

माझ्यासाठी इतक्या लांबून कुणी आलं नव्हतं.

"फोन लागून नाही राहिला, म्हून आलो. झाडताना तार निघाली. सकायपासून गाड्या उभ्या हायेत. काही तर निघूनबी गेल्या. पत्ता सांगा."

भिंतीला धरत मी लॅपटॉपपाशी गेले. त्यांनी पत्ता लिहून घेतला, तिथूनच केंद्रावर कळवला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"तब्येत बरी नाही काय? आराम करा." आणि परतीची गाडी धरायला गेले.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. खोळंबलेल्या माणसांसाठी ते धावत आले होते, आणि मी त्याच माणसांना आणखी खोळंबून ठेवायची सोय लिहून बसले होते. मला स्वतःची लाज वाटली, रडूही आलं. बरी झाल्यावर मी रिपोर्ट फाडला आणि डिरेक्टरीची शिफारस केली.

बसवायला दोन महिने गेले. आता कम्प्युटर चालू झाला की स्वतःच डिरेक्टरीत आपल्या नव्या पत्त्याची नोंद करतो. पुढच्या खंडेनवमीला तिन्ही केंद्रांनी कम्प्युटर हलवले, तारा मनाला येतील तशा खोचल्या, आणि एकही गाडी अडली नाही. साहेबांनी अभिनंदनाचा मेल पाठवला.

त्या आठवड्यात मला एकही फोन आला नाही. शनिवारी मीच अकोटला लावला.

"बोला मॅडम. काय बंद पडलं?"

"काही नाही. सहज केला."

ते गोंधळले. "सहज? बरं, बरं. इथं सारं बेस चालू हाये. मंग ठेवू काय?"

"ठेवा."

बांधणाऱ्याची कुणाला आठवणही येऊ नये अशी सिस्टिम बांधावी, असं आमच्या धंद्यात शिकवतात. ते बरोबरच आहे. फक्त ती बांधायच्या आधी एखाददोन माणसं जोडून ठेवावीत.